पात्र खरं कसं वाटेल: वास्तववादी नाटकातली भूमिका पहिल्या वाचनापासून प्रयोगापर्यंत कशी बांधायची

राग येतो. रडू फुटतं. भीती वाटते. या तिन्ही वाक्यांत माणूस कर्ता नाही. भावना त्याच्याकडे आपल्या पायांनी चालत येते. अडवणं, चुचकारणं, लपवणं, टोचून बोलणं यांत मात्र माणूस कर्ता आहे. वास्तववादी अभिनयाची निम्मी अडचण या व्याकरणातच दडलेली आहे. जे आपोआप यायला हवं ते नट करायला जातो, आणि जे त्याने करायचं असतं ते ठरवायचं राहून जातं. मग प्रेक्षकाला रागावलेला माणूस दिसत नाही, राग दाखवणारा नट दिसतो.

१८९८ साली मॉस्को आर्ट थिएटर उभं करणाऱ्यांपैकी एक असलेल्या रशियन नट-दिग्दर्शक कॉन्स्टँटिन स्तानिस्लाव्हस्कीने हा प्रश्न आयुष्यभर धरून ठेवला. आज जगभर शिकवल्या जाणाऱ्या बहुतेक पद्धती त्याच्या कामातून फुटलेल्या किंवा त्याच्याशी भांडून उभ्या राहिलेल्या आहेत. इथे एकाच पद्धतीचा आग्रह नाही. तालमीत ज्या क्रमाने या गोष्टी उपयोगी पडतात, त्या क्रमाने त्या घेतल्या आहेत.

उदाहरणासाठी एक छोटा प्रवेश लेखभर सोबत ठेवू. रात्र. जवळपास रिकामं झालेलं घर. थोरली बहीण कपड्यांच्या घड्या घालून बॅग भरते आहे. धाकटा भाऊ आत येतो.

भाऊ : किल्ली कुठेय?
बहीण : नेहमीच्या जागी.
भाऊ : तिथे नाहीये.
बहीण : मग मला माहीत नाही.
भाऊ : ताई, उद्या सकाळी माणसं येणार आहेत.
बहीण : येऊ देत.

आधी वाचन, पाठांतर नंतर

संहिता हातात आल्यावर आपले संवाद रंगीत पेनाने रंगवून काढायचा मोह आवरा. तसं केलं की डोळ्यांना फक्त आपली वाक्यं दिसतात आणि समोरच्याचं बोलणं म्हणजे आपली पाळी येईपर्यंतची शांतता होऊन बसते. ही सवय पुढे प्रयोगापर्यंत टिकते.

पूर्ण नाटक किमान तीनदा वाचा. पहिलं वाचन एका बैठकीत, पेन्सिल न घेता, मनातल्या मनात. मोठ्याने वाचलं की आवाजाचा एक सूर बसतो, आणि पहिल्या दिवशी बसलेला सूर मोडायला पुढे दोन आठवडे जातात. दुसऱ्या वाचनात फक्त घटना टिपा: कोण आलं, कोण गेलं, काय बदललं. तिसऱ्या वाचनात चार याद्या करा. लेखकाने रंगसूचनांत माझ्याबद्दल काय लिहिलंय, मी स्वतःबद्दल काय बोलतो, इतरांबद्दल काय बोलतो, आणि इतर माझ्याबद्दल काय बोलतात. शेवटच्या यादीतली वाक्यं एकमेकांशी जुळत नसतील तर आनंद माना. आई ज्याला हट्टी म्हणते त्यालाच मित्र पडखाऊ म्हणत असेल, तर पात्राची दोन टोकं तुमच्या हाती लागली.

तीन रकाने

आता कागदावर तीन रकाने आखा. पहिल्यात संहितेत स्पष्ट असलेली वस्तुस्थिती, दुसऱ्यात त्यावरून निघणारा तर्क, तिसऱ्यात तुम्ही भरलेलं.

आपल्या प्रवेशात पहिल्या रकान्यात येतं: रात्र, रिकामं होत आलेलं घर, दोन भावंडं, एक किल्ली, उद्या सकाळी येणारी माणसं. दुसऱ्यात: 'नेहमीची जागा' दोघांनाही ठाऊक आहे, म्हणजे दोघं इथे बराच काळ राहिलेली आहेत, किल्ली कुठे आहे हे बहिणीला बहुधा माहीत आहे. तिसऱ्यात: किल्ली या क्षणी तिच्या उजव्या खिशात आहे, माणसं घराचा ताबा घ्यायला येणार आहेत, भाऊ तीन वर्षांनी आला आहे.

रकाने वेगळे ठेवण्याचं कारण साधं आहे. तिसऱ्या रकान्यातली गोष्ट दिग्दर्शकाने बदलायला सांगितली तर ती सोडता आली पाहिजे. पहिल्या रकान्यातली कुणालाच सोडता येत नाही. बरेच नट तिसरा रकाना वीस पानं भरतात. पात्राचा आवडता रंग, शाळेतले मार्क, पहिलं भांडण. त्यातलं ज्याने या प्रवेशातलं वागणं बदलत नाही, ते खोडून टाका. एक कसोटी लावा: ही माहिती काढली तर माझं एखादं वाक्य वेगळं निघेल का? निघत नसेल तर ती तुमच्या उपयोगाची नाही.

अभिनेत्री आणि शिक्षिका उटा हेगनने या कामासाठी नऊ प्रश्न दिले, ते वहीच्या पहिल्या पानावर असावेत: मी कोण? वेळ कोणती? मी कुठे आहे? माझ्याभोवती काय आहे? परिस्थिती काय आहे? नाती कोणती? मला काय हवंय? आड काय येतंय? ते मिळवायला मी काय करतो? उत्तरं 'तो' किंवा 'ती' वापरून लिहू नका, 'मी' वापरून लिहा. 'तिला घर सोडवत नाही' लिहिणारी नटी बाहेर उभी असते. 'मला हे घर सोडवत नाही' लिहिल्यावर हात आपसूक भिंतीकडे जातो.

काय हवंय, आणि ते मिळालं हे कसं दिसेल

भूमिकेचं बहुतेक सगळं वजन या एका टप्प्यावर पेललं जातं, म्हणून इथे घाई नको.

'बहिणीला प्रेम हवंय', 'भावाला न्याय हवाय' असली उत्तरं ऐकायला मोठी वाटतात, पण ती करता येत नाहीत. हवं असलेलं असं मांडा की ते मिळालं तर शेवटच्या रांगेतल्या माणसालाही दिसेल. भावाला काय हवंय? 'तिने स्वतःच्या हाताने किल्ली माझ्या तळहातावर ठेवावी.' बहिणीला काय हवंय? 'त्याने खांद्यावरची पिशवी खाली ठेवून आजची रात्र इथेच थांबावं.' आता दोघांनाही क्षणोक्षणी तपासता येतं. हात पुढे आला का? पिशवी खाली गेली का? या तपासण्यातूनच डोळे जिवंत होतात.

मग अडथळा. तो शक्यतो दोन थरांचा असावा: बाहेरचा आणि आतला. भावाचा बाहेरचा अडथळा म्हणजे बहीण. आतला? तो तिच्यावर आवाज चढवू शकत नाही. आतला अडथळा नसेल तर भांडण सपाट होतं. दोघं ओरडतात आणि प्रवेश पहिल्या अर्ध्या मिनिटात संपतो.

यानंतर प्रत्येक वाक्यासाठी क्रियापद. रिकामी जागा अशी ठेवा: 'या वाक्याने मी तिला…' आणि पुढे सकर्मक क्रियापद घाला. डिवचतो, चुचकारतो, कोंडीत पकडतो, लाजवतो, धमकावतो, हसवतो, झटकतो, खडसावतो, गोंजारतो, चाचपतो. मराठीत अशा क्रियापदांची श्रीमंती आहे, ती वापरा. 'सांगतो', 'विचारतो', 'बोलतो' ही क्रियापदं बाद. ती कुठल्याही वाक्याला चालतात, म्हणून कुठल्याच वाक्याला उपयोगी नाहीत.

'येऊ देत' हे बहिणीचं वाक्य तीन वेळा म्हणून पाहा. एकदा 'मी त्याला आव्हान देते' म्हणून, एकदा 'मी त्याला झटकते' म्हणून, एकदा 'मी त्याला विनवते' म्हणून. आवाज कसा काढायचा हे ठरवू नका, फक्त क्रिया करा आणि समोरच्यावर काय परिणाम झाला ते बघा. तीन वेगळ्या बाया बाहेर येतील. सूर ठरवून पाठ केलेलं वाक्य चौथ्या प्रयोगाला शिळं होतं. क्रिया ठरवलेलं वाक्य होत नाही, कारण समोरचा रोज थोडा वेगळा असतो.

क्रिया फसली की माणूस दुसरी हत्यारं काढतो. भावाने आधी चाचपलं, मग कोंडीत पकडलं, आणि 'ताई' म्हणताना पहिल्यांदा गोंजारलं. जिथे हत्यार बदलतं तिथे संहितेत पेन्सिलने आडवी रेघ मारा. एका पानावर साधारण दोन ते पाच रेघा येतात. प्रत्येक वाक्याला रेघ आली तर तुम्ही तुकडे फार बारीक केलेत, आणि प्रवेश धापा टाकत चालेल.

प्रवेश करण्याआधीचं अर्धं मिनिट

विंगेत उभं राहून 'माझी एन्ट्री आली' याची वाट पाहणारा नट रंगमंचावर विंगेतूनच येतो. पात्र कुठून तरी यायला हवं. भाऊ आत येण्याआधी त्याने नेहमीच्या जागी हात घालून पाहिलाय, तिथे किल्ली नाही. मग विंगेत खरोखर हात वर करून चौकटीवर बोटं फिरवा, धूळ झटका, आणि तसेच आत या. तीस सेकंदं पुरतात. शिवाय आत येताना एक अपेक्षा घेऊन या, आणि ती चुकीची असू द्या. भावाला वाटतंय, ताई झोपली असेल. ती जागी दिसल्यावर पहिलं वाक्य आपोआप अडखळून येतं, ते अडखळणं वेगळं बसवावं लागत नाही.

शरीर

चाल आणि ढब बाहेरून चिकटवली की ती दुसऱ्या अंकात गळून पडते. त्यापेक्षा एकच कारण शोधा आणि त्याचे परिणाम शरीरभर जाऊ द्या.

रशियन नट आणि शिक्षक मायकेल चेकॉव्हने दिलेला एक सोपा मार्ग म्हणजे काल्पनिक केंद्र. शरीरातल्या एका जागेतून सगळी हालचाल सुरू होते अशी कल्पना करून दहा मिनिटं खोलीत चाला: छातीतून, मग कपाळातून, मग पोटातून, गुडघ्यांतून. प्रत्येक केंद्रासोबत बसा, उठा, दार उघडा, काहीतरी वाचा. बहिणीचं केंद्र दोन खांद्यांच्या मध्ये, पाठीला असलं तर? ती माणसांकडे वळण्याआधी क्षणभर थांबते, आणि घरातली थोरली कोण हे न सांगता कळतं.

दुसरा मार्ग नृत्यदिग्दर्शक रुडॉल्फ लाबानच्या हालचालींच्या अभ्यासातून आलेला. हालचालीला तीन प्रश्न विचारा: जोरकस की हलकी? झटक्यात की सावकाश? सरळ लक्ष्याकडे की वळसे घेत? उत्तरांच्या आठ जोडण्या होतात. जोरकस, झटक्यात आणि सरळ म्हणजे ठोसा. हलकी, सावकाश आणि सरळ म्हणजे तरंगत पुढे सरकणं. पात्राची नेहमीची एक जोडणी ठरवा आणि ताण आल्यावरची दुसरी. घड्या घालताना बहीण हलकी, सावकाश, सरळ आहे. किल्लीचा विषय निघताच हात झटक्याने चालू लागतात. हा बदल प्रेक्षक शब्दांत सांगू शकणार नाहीत, पण त्यांना तो कळतो.

म्हातारपण, आजार, दारू यांबाबत एक नियम पाळा: माणूस आपली अडचण दाखवत नाही, लपवतो. पिलेला माणूस झोकांड्या देत नाही, तो जिवाच्या आकांताने सरळ चालायचा प्रयत्न करतो. शब्द नको इतके स्पष्ट उच्चारतो. गुडघा दुखणारा माणूस खुर्चीतून उठायच्या आधीच तयारी करतो: पावलं मागे घेतो, हात खुर्चीच्या हातांवर टेकवतो, धड पुढे झुकवतो, मग उठतो, आणि उभा राहिल्यावर लगेच चालू लागत नाही. सगळं अंग थरथरवण्यापेक्षा हा एक सांधा नीट खेळा. कुठला सांधा, कुठली बाजू, सकाळी जास्त की रात्री, हे लिहून ठेवा, नाहीतर मध्यंतरानंतर लंगडणारा पाय बदलतो. हे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा घडतं.

वस्तू हातात घेताना

रिकामी बॅग रिकामीच दिसते. नटाने कितीही कण्हून उचलली तरी खांदा खोटं बोलत नाही. ज्या बॅगेत एका माणसाचं सामान आहे, तिच्यात तालमीपासूनच आठ-दहा किलो वजन ठेवा. घड्या घालायचे कपडेही खरे, आणि पुरेसे: प्रवेश दोन मिनिटांचा असेल तर सात-आठ तरी हवेत, नाहीतर नटी एकाच सदऱ्याची घडी चार वेळा मोडून घालत बसते.

मग काम आणि बोलणं यांची वीण घाला. आधी काम शब्दांशिवाय, इतकं करा की हात आपले आपण चालतील. मग संवाद जोडा. कुठल्या शब्दावर हात थांबतो ते एकदाच, आणि जाणीवपूर्वक ठरवा. 'तिथे नाहीये' ऐकल्यावर बहिणीची घडी अर्धवट राहिली आणि 'मग मला माहीत नाही' म्हणताना ती घडी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली, तर किल्ली कुणाकडे आहे हे प्रेक्षकाला कळलं. हात तीनदा थांबला तर एकाही थांबण्याला अर्थ उरत नाही.

उकाडा, थंडी, घट्ट बूट अशा संवेदनांसाठी अख्खं शरीर कामाला लावू नका. उकाडा म्हणजे फक्त मानेला चिकटलेली कॉलर. घरी पंधरा मिनिटं खरी कॉलर ओली करून बसा, ती कुठे लागते आणि हात कधी नकळत तिकडे जातो हे पाहा. मग ओल्या कॉलरशिवाय तेच आठवा. रंगमंचावर तो हात दोनदा गेला की खोली तापली.

बोलणं

मराठी वाक्याचं क्रियापद शेवटी येतं, आणि 'नाही'सुद्धा. वास्तववादाच्या नावाखाली शेवटचा शब्द गिळणारा नट वाक्याचा अर्थच गिळतो. 'मला माहीत' इतकंच मागच्या रांगेत पोचलं तर बहिणीचं वाक्य उलटं झालं. सहज बोलणं म्हणजे हळू बोलणं नव्हे. उपाय: प्रत्येक वाक्य शेवटच्या शब्दाकडे ढकला, श्वास त्याआधी संपू देऊ नका, आणि एखाद्या सहकाऱ्याला शेवटच्या रांगेत बसवून फक्त क्रियापदं ऐकू येतात का एवढंच तपासायला सांगा.

बोली बोलायची असेल तर ती बोलणाऱ्या माणसाचं वीसेक मिनिटांचं सहज बोलणं परवानगी घेऊन रेकॉर्ड करा. त्यातून तीन-चार गोष्टीच उचला: एखादा स्वर, वाक्याच्या शेवटची चढ-उतार, बोलण्याचा वेग, थांबायची जागा. सगळं उचलायला गेलात तर बोलीचं प्रदर्शन होतं आणि माणूस मागे राहतो. बोलीत चिडणं, बोलीत कुजबुजणं वेगळं घटवा, कारण ताण आला की नट आधी आपल्या मूळ उच्चारांवर परततो.

विराम म्हणजे बोलणं थांबणं; काहीतरी चालू राहणं मात्र थांबत नाही. प्रत्येक विरामात काय घडतं ते एका वाक्यात लिहा: 'तो माझ्या खिशाकडे बघतोय का, हे मी ताडते.' लिहिता येत नसेल तर विराम काढून टाका.

ऐकणं

अमेरिकन अभिनय-शिक्षक सॅनफर्ड माइस्नरचा पुनरुक्तीचा सराव यासाठी अजूनही सगळ्यात कामाचा. दोघांनी समोरासमोर बसायचं. एकाने समोरच्याबद्दल दिसणारी एक साधी गोष्ट म्हणायची: 'तू बोटं मोडतोयस.' दुसऱ्याने तेच आपल्या बाजूने परत म्हणायचं: 'मी बोटं मोडतोय.' हेच पुढेमागे चालू ठेवायचं, आणि समोरच्यात खरोखर काही बदललं तरच वाक्य बदलायचं: 'तू हसलास.' दहा मिनिटं पुरे. नट वाक्य मनोरंजक करायला जातो, आवाजात वैविध्य आणतो, तिथे सराव बिघडतो. थांबा, पुन्हा साध्या वाक्यावर या. शब्दांना काही किंमत राहिली नाही की लक्ष समोरच्याच्या चेहऱ्यावर जातं, आणि तेच हवं असतं.

पाठांतरही याला जोडून. संवाद कुठल्याही सुराशिवाय, सपाट, भराभर पाठ करा. सोबत समोरच्याच्या वाक्यातला तो शब्दही लक्षात ठेवा, ज्यामुळे तुम्हाला बोलावंसं वाटतं. तो बहुधा वाक्याचा शेवटचा शब्द नसतो. 'उद्या सकाळी माणसं येणार आहेत' यात बहिणीला टोचतं ते 'उद्या'. तिथेच तिला उत्तर सुचतं आणि उरलेलं वाक्य ती ते दाबून ऐकते.

भावना यायला हवी तेव्हा

स्तानिस्लाव्हस्कीने सुरुवातीला नटाच्या स्वतःच्या भावनिक आठवणींवर बराच भर दिला आणि अखेरच्या वर्षांत शारीरिक क्रियांकडे मोहरा वळवला. १९३४ मध्ये अमेरिकन अभिनेत्री स्टेला अ‍ॅडलर त्याला पॅरिसमध्ये भेटली आणि परतल्यावर तिने कल्पनाशक्ती व परिस्थिती यांवर जोर दिला. तिचा सहकारी, अमेरिकन दिग्दर्शक ली स्ट्रासबर्ग मात्र आठवणीच्या वाटेवर ठाम राहिला. हा वाद अजून मिटलेला नाही, पण रोजच्या कामासाठी आमचं मत स्पष्ट आहे: आधी क्रिया, मग परिस्थिती, आणि आठवण सगळ्यात शेवटी.

आठवण वापरायचीच तर ताजी जखम नको. ज्या प्रसंगाबद्दल आज शांतपणे बोलता येतं असाच निवडा. प्रसंगाकडे थेट जाऊ नका, त्याच्या भोवतीच्या वस्तूंकडे जा: खोलीतला वास, पायाखालची फरशी, कानावर पडणारा आवाज. आणि रडायचा प्रवेश असेल तर न रडायचं काम करा. घशाशी आलेलं गिळून घडी नीट बसवणारी बहीण प्रेक्षकाला जास्त हलवते. अश्रू नाही आले तर न येऊ देत. ते आणण्यासाठी धडपड सुरू झाली की नट समोरच्याला सोडून स्वतःकडे बघू लागतो, आणि प्रवेश तिथेच तुटतो.

थप्पड, ढकलणं, गळा धरणं यांत मात्र काहीही खरं नसावं. मोजून, हळू वेगात बसवा, प्रत्येक प्रयोगाआधी एकदा करून पाहा. अवघड भूमिकेनंतर पाच मिनिटं राखून ठेवा: वेश उतरवा, हात-तोंड धुवा, सहकलाकाराला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारा.

तालमींचा हिशोब

सहा आठवडे असतील तर पहिला आठवडा टेबलावर: वाचन, रकाने, पेन्सिलच्या रेघा. दुसऱ्या-तिसऱ्यात हालचाली आणि खऱ्या वजनाच्या वस्तू. तिसरा संपताना संहिता हातातून सुटली पाहिजे, कारण हातात कागद असेपर्यंत डोळे समोरच्याकडे जात नाहीत. चौथ्यात शरीर आणि बोलणं, पाचव्यात सलग तालमी, सहाव्यात प्रकाश, वेश, रंगीत तालीम. बूट मात्र पहिल्या आठवड्यापासून पात्राचेच घाला. शेवटच्या दिवशी मिळालेले बूट तोवर कमावलेली चाल मोडतात.

कॅमेऱ्यासमोर काम असेल तर तयारी हीच, फक्त हातांची नोंद जास्त काटेकोर: कुठल्या शब्दावर घडी, कुठल्यावर खिसा. पुढच्या टेकला हात वेगळ्या शब्दावर गेला तर संकलनात तो तुकडा जोडता येत नाही.

प्रयोग वाढू लागले की एक ठरावीक बिघाड होतो: पात्राला पुढचं कळू लागतं. 'किल्ली कुठेय?' विचारतानाच भावाच्या आवाजात उत्तराची चीड येते. टाळी मिळालेलं वाक्य दुसऱ्या दिवशी टाळीसाठी फेकलं जातं. अशा वेळी संवाद आणि हालचाली तशाच ठेवून तिसऱ्या रकान्यातली एकच गोष्ट बदला, आणि ती समोरच्याला सांगू नका, मात्र दिग्दर्शकाला सांगा. आज किल्ली खिशात नाही, घडी घातलेल्या तिसऱ्या सदऱ्यात आहे. बहिणीच्या नटीचे हात त्या सदऱ्यापाशी येताच जड होतील, आणि भावाचं काम करणाऱ्याला बऱ्याच दिवसांनी खरोखर शोधावं लागेल.